अनेक शैली, एक हात : गिटारवादकाच्या बहुरंगी अल्बमची बांधणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बऱ्याच वर्षांच्या रियाजानंतर एका गिटारवादकाने स्वतःच्या बारा वाद्यरचना सिद्ध केल्या आहेत : दोन ब्लूज, दोन जॅझ, अभिजात गिटारच्या ढंगाच्या दोन एकल रचना, आणि फ्लामेंको, कंट्री, बोसा नोव्हा, फंक, मेटल व भैरवीच्या अंगाने स्लाइडवर, म्हणजे तारांवरून नळी घसरवत, वाजवलेली प्रत्येकी एक. ज्यांनी त्यांची कच्ची ध्वनिमुद्रणे ऐकली त्यांतील बहुतेकांनी वादनाची स्तुती केली. पण शेरा सर्वांचा एकच पडला, की हे बारा निरनिराळ्या माणसांनी वाजवल्यासारखे वाटते. अशा स्थितीत एकाच शैलीचा अल्बम करावा, की सर्व शैली राखून त्यांना एकत्र बांधण्याचा काही मार्ग आहे, असे तुम्ही विचारले आहे.

मार्ग आहे, आणि त्यासाठी एकाच शैलीपुरते स्वतःला आखडून घेण्याचे कारण नाही. मात्र ऐकणाऱ्यांच्या शेऱ्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण त्यांनी दुखण्यावर नेमके बोट ठेवले आहे. बहुरंगी अल्बम विस्कळीत वाटतो तो त्यात शैली अनेक असतात म्हणून नव्हे, तर प्रत्येक शैलीत शिरताना वादक स्वतःला उंबऱ्याबाहेर ठेवून आत जातो म्हणून. तेव्हा किती शैली ठेवायच्या हा प्रश्न मी दुय्यम मानतो. या बारांपैकी कोणत्या रचनांत तुमचा हात ओळखू येतो, हा खरा प्रश्न आहे, आणि पुढचे सर्व निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

मी सुमारे तीस वर्षे ध्वनिमुद्रणांत गिटार वाजवत आलो आहे. या कामात सर्वांत आधी अंगी बाणते ती अदृश्य होण्याची कला. सकाळी जॅझ, दुपारी कंट्री, संध्याकाळी मेटल असे काम करताना ज्याचे वादन त्या त्या शैलीत बेमालूम मिसळून जाते, त्याला पुन्हा बोलावणे येते. ही विद्या कष्टाने येते आणि तिच्याविषयी मला आदर आहे. परंतु स्वतःच्या नावाच्या अल्बमला तिच्या बरोबर उलट गोष्ट हवी असते, हे समजायला मला माझा पहिला अल्बम पूर्ण व्हावा लागला. त्यात अकरा रचना होत्या. त्या चार वर्षांत, तीन वेगवेगळ्या स्टुडिओंत मुद्रित झाल्या, आणि प्रत्येक रचनेसाठी त्या शैलीला सर्वांत योग्य मानली जाणारी गिटार, ॲम्प आणि माइक मी कसोशीने निवडले होते. शैलीच्या दृष्टीने त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. वर्षभराने तो सलग ऐकताना चौथ्या रचनेपाशी माझ्या लक्षात आले, की हीच रचना दुसऱ्या कोणाच्या नावाने कानावर पडली असती, तर ती मी वाजवली आहे हे मला ओळखता आले नसते. त्या क्षणाचे दुःख मला आजही आठवते, आणि तुम्हाला हा प्रश्न अल्बम प्रसिद्ध होण्यापूर्वी पडला याचा मला मनापासून आनंद आहे.

शैली बदलत असतानाही ओळख टिकून राहते म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टकडे पाहावे. १९२८ मध्ये लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली. त्यानंतरच्या त्याच्या एकलवादनाचा सारा भार तर्जनी आणि मध्यमेवर होता. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये उभ्या राहिलेल्या पंचकातील त्याचे ध्वनिवर्धकाविना वाजलेले स्विंग, आणि १९५३ मध्ये त्याचे निधन होण्यापूर्वीच्या काही वर्षांतील, बीबॉप या नव्या जॅझच्या वळणाचे इलेक्ट्रिक गिटारवादन, यांत वाद्याचा ध्वनी बदलला आहे, साथ बदलली आहे, सुरांची भाषाही बरीच बदलली आहे. तरी सुरांची दोन वाक्ये ऐकताच माणूस ओळखू येतो. दोन बोटांनी वाजवताना हात एका जागी थांबून चार फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांची घरे) कवेत घेऊ शकत नाही. तो मानेवर उभा सरकत राहतो, आणि त्या सरकण्याने त्याच्या वाक्यांना एक उडी व एक उतार मिळतो. ही हाताची चाल कोणत्याही शैलीत त्याच्याबरोबरच गेली. तुमच्या हाताला अशी इजा नाही, हे चांगलेच आहे. परंतु प्रत्येक हाताची अशी एखादी चाल असते, आणि अनेक शैली शिकताना आपण ती पुसून टाकण्याचा प्रयत्न करत असतो.

ज्या अल्बमांत वैविध्य टिकले आहे, त्यांत ते सांभाळण्याचे उपाय निरनिराळे आहेत, आणि ते जवळून पाहणे उपयोगाचे आहे. अमेरिकी गिटारवादक बिल फ्रिझेलने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या एका अल्बममध्ये ॲरन कोपलंड आणि चार्ल्स आइव्हज यांच्यापासून मडी वॉटर्स, सॉनी रॉलिन्स आणि मॅडोना यांच्यापर्यंतचे संगीत एकत्र आणले आहे. कागदावर हे अशक्य वाटते. परंतु सर्व रचना त्याच पाच जणांनी वाजवल्या आहेत : गिटार, क्लॅरिनेट, ॲकॉर्डियन, बास आणि ड्रम. बॅले-संगीत आणि ब्लूज या दोहोंना तेच ॲकॉर्डियन श्वास देते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात एक घर तयार होते आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्याच घरात येतो. जेफ बेकच्या १९७५ च्या वाद्यसंगीताच्या अल्बममध्ये फंक, रेगेकडे झुकणारी लय, जॅझ-रॉक आणि संथ बॅलड आहेत. तेथे निर्माते जॉर्ज मार्टिन होते, आणि कित्येक रचना मधली शांतता न ठेवता एकीतून दुसरीत उतरवल्या आहेत. बांधणी तेथे जोडांमध्ये आहे. डॅनी गॅटनच्या १९९१ च्या अल्बममध्ये रॉकबिली, जॅझ, कंट्री, ब्लूज अशी झेप आहे, पण ती मुख्यतः टेलिकास्टर या एकाच इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात घेतलेली आहे. याउलट स्टीव्ह हाऊने १९७९ च्या अल्बममध्ये जवळजवळ प्रत्येक रचनेला वेगळे वाद्य घेतले, आणि बूगीपासून विवाल्दीच्या एका कॉन्चेर्तोतील संथ भागापर्यंत मजल मारली. त्या अल्बमचा विषयच तंतुवाद्यांचा संग्रह हा होता, म्हणून ते शोभले. मला व्यक्तिशः फ्रिझेलचा उपाय सर्वांत खोल वाटतो. हाऊचा उपाय सर्वांत अवघड आहे, आणि माझ्या पहिल्या अल्बममध्ये मी नकळत तोच पत्करला होता.

आता मुख्य मुद्दा. शैली सुरावटीत असते असे शिकणाऱ्याला वाटते, कारण पुस्तकांत ती तशी शिकवली जाते : ब्लूजसाठी हे स्केल, जॅझसाठी ते मोड, फ्लामेंकोसाठी फ्रिजियन मोड. प्रत्यक्षात शैली उजव्या हातात आणि वेळेच्या धरणीत राहते. डावा हात काय वाजवायचे ते ठरवतो. ते कोणत्या गावचे आहे हे उजवा हात सांगतो. म्हणूनच अनेक शैलींत एकल तुकडा चांगला वाजवणारा वादक साथ करायला बसला की उघडा पडतो.

फ्लामेंकोतला सोलेआ हा प्रकार याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे आवर्तन बारा मात्रांचे आणि आघात ३, ६, ८, १०, १२ या मात्रांवर. हे पाठ करायला एक दिवस पुरतो. परंतु ज्या कानाला वाक्य संपवताना समेवर यायची सवय आहे, त्याला तेथे वाक्य दहाव्या मात्रेवर मिटते हे पचायला फार काळ लागतो. अकरावी आणि बारावी मात्रा ही नंतर घेतलेल्या श्वासाची जागा असते. पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा जोराने वाजवणारा वादक कितीही सफाईदार रास्गेआदो, म्हणजे बोटे एकामागून एक तारांवर झटकण्याची फ्लामेंको पद्धत, काढत असला, तरी तो बाहेरचा आहे हे पहिल्याच आवर्तनात कळते. स्विंगमध्ये अडचण वेगळी आहे. तेथे जोडीतला पहिला सूर लांब आणि दुसरा आखूड असतो; मध्यम लयीत ते प्रमाण साधारण दोनास एक असे भासते, पण लय वाढली की ते सपाट होत जाते, आणि द्रुत लयीत जवळजवळ समान होते. हे प्रमाण एकदा ठरवून सर्व लयींत तसेच वापरणारा वादक संथ लयीत बरा वाटतो आणि द्रुत लयीत लंगडतो. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात १९३७ पासून फ्रेडी ग्रीनने पाच दशके एका मात्रेला एक कॉर्ड (एकत्र छेडलेला स्वरसमूह) एवढेच वाजवले, बहुधा एकही एकल तुकडा न घेता, आणि तो वृंद त्या गिटारवर उभा होता. जॅझ येतो असे म्हणण्यापूर्वी त्या चार मात्रा सलग पाच मिनिटे वाजवून पाहाव्यात.

बोसा नोव्हा या ब्राझिली शैलीत अंगठा सांबातील मोठ्या ढोलाप्रमाणे शांत, समान अंतराचा खर्ज देतो, आणि बाकीची बोटे त्या खर्जाच्या आगेमागे कॉर्ड टाकतात. अंगठा आणि बोटे यांची मने वेगळी असावी लागतात. बोटे पुढे सरकली की अंगठाही त्यांच्यामागे ओढला जातो, हा सर्वांचा दोष आहे आणि माझ्या हातात तो दहा वर्षे होता. कंट्रीमध्ये मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट ॲटकिन्स यांच्या पद्धतीतही अंगठा स्वतंत्रच असतो, परंतु तो दोन तारांवर आलटून पालटून फिरतो आणि तळव्याची कड खर्जाच्या तारा थोड्या दाबून धरते. फंकमध्ये उजवा हात सोळांशांत, म्हणजे मात्रेला चार वेळा, अखंड हलत राहतो. आवाज फक्त डावा हात दाबतो तेवढाच निघतो, आणि शैली तेथे निघालेल्या सुरांपेक्षा दाबून टाकलेल्या सुरांत अधिक असते. मेटलमध्ये सर्व आघात खालच्या दिशेने मारण्याचा आग्रह धरतात तो हट्टापोटी नव्हे : वर-खाली आलटून मारल्यास प्रत्येक दुसरा आघात किंचित हलका पडतो, आणि तो हलकेपणा त्या शैलीला सहन होत नाही.

म्हणून तुमच्या बारा रचनांसाठी मी एक कसोटी सुचवतो. प्रत्येक रचनेतील एकल सुरावट पूर्ण काढून टाका आणि फक्त साथीची गिटार, मेट्रोनोमबरोबर, तीन मिनिटे एका टेकमध्ये मुद्रित करा. मेट्रोनोम निम्म्या वेगावर ठेवा, म्हणजे तो चार मात्रांत दोनदाच वाजेल आणि मधला आधार तुम्हाला स्वतःच द्यावा लागेल. आठ दिवस ती मुद्रणे बाजूला ठेवा आणि मग ऐका. ज्या साथीवर मान आपोआप डोलते ती रचना ठेवावी. जेथे तुम्ही मनात मात्रा मोजू लागता, ती रचना कितीही झळाळती असली तरी या अल्बममधून काढावी. मी माझ्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी हेच केले, आणि तेरा रचनांतील पाच गळाल्या. त्यांत माझी सर्वांत आवडती सुरावट होती. ती जाताना फार वाईट वाटले, परंतु निर्णय योग्य होता.

उरलेल्या रचनांत दुसरे काम सुरू होते, आणि ते कसोटीपेक्षाही नाजूक आहे. सर्व मुद्रणे सलग ऐकून तुमचा हात न विचारता काय करतो ते लिहून काढा. वाक्य तुम्ही मात्रेच्या आत संपवता की थोडे ओलांडून? व्हायब्रेटो, म्हणजे सुराचे आंदोलन, सूर लागताक्षणी सुरू होतो की सूर थोडा स्थिरावल्यावर? तो रुंद आणि संथ आहे की अरुंद आणि जलद? दोन वाक्यांमध्ये किती जागा सोडता? वरच्या सुरावर चढताना तार खेचता की घसरून जाता? मला माझ्याबाबत असे आढळले, की प्रत्येक शैलीत वाक्याचा शेवटचा सूर मी अर्धी मात्रा उशिरा देतो. जॅझमध्ये मला ते चालले होते. फंकमध्ये शैलीला शोभत नाही म्हणून मी ते मोठ्या प्रयत्नाने दुरुस्त केले होते. दुसऱ्या अल्बममध्ये मी फंकच्या सुरावटीत ते परत आणले, साथ मात्र काटेकोर ठेवली, आणि ती रचना प्रथमच माझी वाटली. साथ शैलीची आणि सुरावट स्वतःची, ही वाटणी मला तेव्हापासून कधी सोडावीशी वाटली नाही. बी. बी. किंगच्या व्हायब्रेटोला किंवा वेस माँटगोमेरीच्या पिकाऐवजी वापरलेल्या अंगठ्याला मागची साथ काहीही असो, नाव सांगावे लागत नाही. ते याच कारणाने.

येथे एक मर्यादा पाळावी लागते. स्वतःचा हात म्हणजे शैलीविषयीचे अज्ञान नव्हे. ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कोठेतरी असतो आणि तो तार किंचित खेचून घ्यायचा असतो. तो सरळ कोमल लावून 'ही माझी पद्धत' असे म्हणता येत नाही. ज्याला नियम पाळता येतो त्याचा बदल हा निर्णय ठरतो. भैरवीच्या रचनेबाबत हे अधिकच जपावे. कोमल सुरांची जागा स्लाइडखाली फ्रेटच्या रेषेवर आपोआप सापडत नाही, आणि मींड कोठून निघून कोठे थांबते यात त्या रागाचा अर्धा जीव आहे.

क्रमाचा विचार बहुतेक वादक शेवटी करतात. तो मुद्रणापूर्वीच करावा, कारण क्रम ठरला की काही रचनांची पट्टी बदलावी लागते. आपण सहसा एकमेकांना जवळच्या शैली शेजारी ठेवतो : जॅझनंतर बोसा नोव्हा, ब्लूजनंतर कंट्री. माझा अनुभव याच्या उलट आहे. जवळच्या शैली शेजारी आल्या की दुसरी पहिलीची फिकी प्रत वाटते, कारण नवव्या आणि तेराव्या स्वरांनी भरलेल्या त्याच कॉर्डचा रंग कानात अजून ओला असतो. दूरच्या दोन शैलींना जर एखादे समान हाड असेल, तर त्या शेजारी ठेवल्यावर ऐकणारा चकित होतो आणि तरीही त्याला नाते जाणवते.

तुमच्या बारा रचनांत असे एक हाड स्पष्ट दिसते. गिटारची सर्वांत खालची आणि सर्वांत वरची मोकळी तार ई ही आहे. तुमचा पहिला ब्लूज ई मध्ये आहे, मेटलची रचना खालच्या ई वर आहे, आणि सोलेआही परंपरेने ई च्या फ्रिजियन आकारातच वाजवतात, जेथे एफ वरून ई वर उतरणे हा त्याचा विसावा असतो. मेटलमधील तो गडद अर्धस्वरही बहुधा हाच, ई आणि एफ मधला. आणि ई ला षड्ज मानला तर एफ म्हणजे कोमल ऋषभ, भैरवीचा पहिलाच कोमल स्वर. म्हणजे मेटल, फ्लामेंको आणि भैरवी अशा एकमेकींपासून दूर वाढलेल्या तीन शैली तुमच्या एकाच तारेच्या पहिल्या फ्रेटवर भेटतात. फ्लामेंकोच्या रचनेत तुम्ही सध्या दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सर्व तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावला आहे, तो काढा. स्लाइडची रचना सध्या डी मध्ये आहे; खर्जाची तार ई वर राहील अशी जुळणी नव्याने शोधा, मग तिच्यासाठी काही वाक्ये बदलावी लागली तरी हरकत नाही. या दोन बदलांनी अल्बमला जो कणा मिळेल, तो तीन ठिकाणी एकच धून फिरवून मिळणार नाही. त्या पुनरावृत्तीच्या युक्तीचा मोह तुम्हाला झाला आहे असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. ती टाळावी असे माझे मत आहे, कारण दुसऱ्या वेळी धून ऐकताच श्रोत्याला रचनाकाराची योजना दिसू लागते आणि संगीत मागे पडते.

समान हाड तंत्रातही असू शकते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अल्बममध्ये पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा, म्हणजे रागसंगीतासाठी बदललेली स्लाइड गिटार, आणि राय कूडरची बॉटलनेक स्लाइड गिटार एकत्र आली. एक रागसंगीतातून आलेले, दुसरा अमेरिकी ब्लूज आणि लोकसंगीतातून. परंतु दोघांच्या हाताखाली सूर फ्रेटच्या पायऱ्यांवरून न चढता घसरत जातो, आणि त्या घसरण्याने दोन परंपरांमधली भिंत विरघळते. ज्या रचना ई च्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्यासाठी तुम्हाला अशी तांत्रिक नाती शोधता येतील. कंट्रीमध्ये एक तार खेचून शेजारची तशीच धरून ठेवण्याची, पेडल स्टील या आडव्या ठेवून वाजवायच्या गिटारची नक्कल आणि तुमची स्लाइडची मींड यांच्यातही असेच नाते आहे.

वाद्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. दोन गिटार घ्या, जास्तीत जास्त तीन : एक नायलॉन तारांची, एक सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक, आणि हवी तर स्लाइडसाठी उंच तारांची तिसरी. अभिजात गिटारची तार साधारण ६५० मिलिमीटरची असते आणि टेलिकास्टरची ६४८, त्यामुळे डाव्या हाताला दोन्हींत अंतरे जवळपास सारखी लागतात. आखूड मानेच्या गिटारी ६२८ च्या आसपास असतात आणि तेथे तार खेचण्याचा अंदाज बदलतो. जॅझसाठी गुळगुळीत वेटोळ्यांच्या जाड तारा आणि पोकळ गिटार हवीच असे नाही. मानेकडचा पिकअप (तारांचे कंपन टिपणारा चुंबक), कमी केलेला टोन आणि अंगठा यांवर टेलिकास्टर तुम्हाला वाटते त्याहून खूप पुढे जाते. मेटलमध्ये डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून ऐकू येणाऱ्या दोन गिटार मात्र खरोखर दोनदा वाजवून मुद्रित करा. एकाच टेकची प्रत करून दोन बाजूंना ठेवल्यास ती रुंदी येत नाही. सर्व मुद्रण एकाच खोलीत, शक्य तर सलग दोन-तीन आठवड्यांत करा, आणि खोलीचा आवाज पकडणारा एक माइक प्रत्येक रचनेत त्याच जागी ठेवा. इलेक्ट्रिक गिटार ॲम्पवर वाजवून मुद्रित करतानाही तो तेथून हलवू नका. त्या माइकचा वाटा मिक्समध्ये फार थोडा असेल, पण हवा तीच आहे हे कानाला कळते.

साथीदारांचा निर्णय यापेक्षा अधिक विचाराचा आहे. प्रत्येक शैलीचा तज्ज्ञ ड्रमवादक बोलावण्याची तुमची योजना मला पसंत नाही, कारण त्यामुळे ऐकणाऱ्यांनी काढलेला दोष आणखी पक्का होईल. एक बासवादक आणि एक तालवादक ठरवा. स्विंग आणि मेटल दोन्ही सारख्या अधिकाराने वाजवणारा ड्रमवादक दुर्मिळ असतो. तो मिळाला नाही, तर स्विंगमधून ड्रम काढा आणि जॅझ गिटार व बास एवढ्यावरच वाजवा. फ्लामेंकोला टाळ्या, लाकडावरची थाप आणि गोल्पे, म्हणजे गिटारच्या अंगावर बोटाने मारलेले ठोके, पुरतात. अभावातून आलेले असे निर्णय अल्बमला बहुधा फायद्याचेच ठरतात, कारण प्रत्येक ठिकाणी काय नाही यातूनही एक सातत्य दिसू लागते.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे अल्बमच्या अखेरच्या ध्वनिसंस्कारात, एका गोष्टीचा आग्रह धरा. एकल नायलॉन गिटार मेटलच्या पातळीपर्यंत वर आणू नका. हल्ली स्पॉटिफायसारख्या सेवा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) या पातळीला आणतात, म्हणून प्रत्येक रचना त्या आकड्यावर बसवण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. परंतु अल्बम सलग ऐकला जातो तेव्हा ही सेवा संपूर्ण अल्बमला एकच फेरफार लावते आणि रचनांमधले उंच-सखल तसेच राहते. एखादी रचना सुटी ऐकली गेली तर तिची पातळी आपोआप सावरली जाईल. त्यासाठी सलग ऐकणाऱ्याचा अनुभव सपाट करू नये. पातळी ठरवताना सर्वांत शांत रचना आधी लावा, ती आरामात ऐकू येईल इतका आवाज ठेवा, आणि त्याच आवाजावर मेटल कानाला बोचणार नाही अशी खाली आणा. रचनांमधली शांतताही सर्वत्र दोन सेकंद अशी ठेवू नका. मागच्या रचनेच्या लयीत मात्रा मोजून पुढची कोठे यावी ते दर वेळी ठरवा.

तुमच्या बारांतून मी नऊ ठेवीन. चाळीस-पंचेचाळीस मिनिटे ही मर्यादा लाँग प्लेच्या दोन बाजूंनी घातली होती, एका बाजूला सुमारे बावीस मिनिटे. तबकडीचे बंधन गेले तरी एका बैठकीत लक्ष देऊन ऐकण्याचे ते माप मला अजून योग्य वाटते. दोन जॅझ रचनांपैकी संथ ठेवावी, कारण तुमच्या वर्णनानुसार द्रुत रचनेचा भर वेगावर आहे. ब्लूजमधली ई ची ठेवावी. अभिजात ढंगाच्या दोन्ही एकल रचना तुमच्या सर्वांत आतल्या वाटतात, त्या अंतर देऊन ठेवाव्यात. राहिलेल्या सहांतून कोणती जावी हे साथीची कसोटी सांगेल. माझा अंदाज फंक किंवा बोसा नोव्हा यांच्यावर आहे, कारण त्या दोहोंची सुरावट तुम्ही आधी लिहिली आणि साथ नंतर शोधली, असे तुम्हीच म्हटले आहे.

आरंभ ई च्या ब्लूजने, एकट्या गिटारवर करावा. मेटल पहिल्या अर्ध्याच्या शेवटाकडे ठेवा आणि तिचा अखेरचा खालचा ई पूर्ण विरेपर्यंत, ॲम्पची गुणगुण आणि खोलीची हवा यांसकट, मुद्रण थांबवू नका. तो ई ऐकू येईनासा होण्याच्या किंचित आधी नायलॉनच्या तारेवर तोच ई वाजावा, आणि सोलेआची पहिली फेरी तेथून सुरू व्हावी. हा एक जोड आधी कच्चा मुद्रित करून त्याच श्रोत्यांना ऐकवा, ज्यांनी तुम्हाला बारा माणसांविषयी सांगितले होते.